स्क्रीन रीडर वापरून ऑनलाइन कोर्स करताय? मग आधी नोट्स मागून बघा

मी नाशिकचा, पूर्ण अंध. नोकरी सांभाळून ऑनलाइन कोर्स केला, त्यामुळे आता नवीन मुलं विचारत असतात, दादा मूडलवर (नोट्स आणि टेस्ट जिथे टाकतात ती कोर्सची वेबसाइट) आपल्याला जमतं का? जमतं की. एनव्हीडीए, म्हणजे पडद्यावरचं वाचून ऐकवणारं स्क्रीन रीडर सॉफ्टवेअर, फुकट मिळतं ते टाका, एच दाबून हेडिंगवरून हेडिंगवर जा, बीने बटन, ईने लिहायचा बॉक्स, इन्सर्ट धरून एफ सेव्हन दाबलं की सगळ्या लिंकची यादी, एवढं हातात बसलं की कुणाला शेजारी बसवावं लागत नाही. नुसतं टॅब टॅब करत बसू नका, डोकं उठतं.

खरी बोंब आहे ती आत टाकलेल्या मटेरियलची. आमच्या कोर्सला (कॉलेजचं नाव नको) निम्म्या नोट्स म्हणजे पुस्तकाच्या पानांचे फोटो काढून केलेली पीडीएफ, स्क्रीन रीडरला ती कोरीच. इंग्रजी असेल तर ओसीआर (फोटोतली अक्षरं ओळखून मजकूर करणं) करून भागतं, मराठीत जोडाक्षरांचा पार चुथडा होतो. दुसरा ताप कृतिदेव या जुन्या फॉन्टचा. डोळस माणसाला फाइलमध्ये छान 'मराठी' दिसतं आणि आपल्याला ऐकू येतं ई जे के बी एच, कारण त्या जुन्या फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरंच असतात, वर नुसतं सोंग मराठीचं. कन्व्हर्टर मिळतात पण प्रत्येक फाइल आपणच का बदलत बसायची, युनिकोडमधली, म्हणजे आत खरी मराठी अक्षरं असलेली मागा.

मेलवर सांगून सरांना काही कळेना, मग सरळ सिटीलिंकची बस धरून कॉलेजात गेलो. एनव्हीडीए पेनड्राइव्हवरून पण चालतं, ते सरांच्या कॉम्प्युटरला लावलं आणि त्यांचीच फाइल त्यांना ऐकवली. "अरे हे काय बडबडतंय?" म्हणाले. पुढच्या नोट्स युनिकोडमध्ये आल्या. सर वाईट नव्हते हो, त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं.

नाशकात १९८९ पासून मुक्त विद्यापीठ आहे, घरी बसून शिकणं आपल्याला नवीन नाही, पण कोर्स कुठलाही घ्या, फी भरायच्या आधी एका विषयाच्या नोट्स आणि एखादी सराव टेस्ट मागून स्वतः वाचून बघा. टाळाटाळ केली तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ४२ दाखवा, डिजिटल मजकूर आपल्याला वापरता येईल असा असावा हे त्यातच आहे. भांडायला नको, नुसता उल्लेख केला तरी पुष्कळदा काम होतं.

टेस्टच्या वेळेचं मात्र आधीच लेखी मागा. लेखी परीक्षेसाठी केंद्राच्या गाइडलाइन्समध्ये तासाला किमान २० मिनिटं जादा आहेत, तोच आधार द्या. मूडलच्या क्विझमध्ये एकाच विद्यार्थ्याची वेळ वाढवायची सोय असते, युजर ओव्हरराइड म्हणतात, बऱ्याच सरांना माहीतच नसते, तेव्हा मेलमध्ये ते नाव लिहूनच टाका. आणि चित्रावर लेबलं ओढून लावायचा प्रश्न असेल तर त्याच्या बदल्यात लिहायचा प्रश्न मागा, मला दिला होता.