वैशाखात टिकणारे ओव्हरक्लॉकिंग

डिसेंबरात, शेताशेतांवर भरिताचे बेत सुरू होतात तेव्हा, आमच्या जळगावात रात्री खोलीचे तापमान १७ अंशांपर्यंत उतरते आणि त्या हवेत कोणताही प्रोसेसर गुणी वाटतो. अशाच एका रात्री मी माझा रायझन ५ २६०० हा प्रोसेसर ओव्हरक्लॉक केला, म्हणजे कारखान्यात ठरवलेल्या वेगापेक्षा वर नेऊन १.३७५ व्होल्टवर ४.१ गिगाहर्ट्झला बसवला, अर्धा तास चाचणी घेतली आणि तापमान ७० अंशांच्या वर गेले नाही म्हणून समाधानाने झोपलो. पुढे ऐन लग्नसराईत, दुपारी दोनच्या सुमारास, एका लग्नाचा व्हिडिओ रेंडर होत असताना (म्हणजे संपादनानंतरची अंतिम फाइल तयार होत असताना) तोच संगणक कोणतीही सूचना न देता बंद पडला. पुन्हा सुरू केला, तर पुन्हा निम्म्यावर बंद पडला. वधूकडची मंडळी संध्याकाळी पेन ड्राइव्ह न्यायला येणार होती. त्या वेळी खोलीत ३९ अंश तापमान होते.

हिशेब सरळ आहे. भार तोच ठेवला तर खोली जितके अंश तापते, साधारण तितकेच अंश प्रोसेसरही अधिक तापतो. डिसेंबरातले ७० अंश मे महिन्यात ९२ होतात आणि या प्रोसेसरची कमाल मर्यादा ९५ अंशांची आहे. भुसावळ, रावेर किंवा शिरपूरकडे बाहेरचा पारा ४५ च्या घरात जातो, तिथे पत्र्याखालच्या किंवा वरच्या स्लॅबच्या खोलीत हे गणित आणखी बिघडते. पुण्या-बंगळुरूच्या हवेत ठरवलेले आकडे जसेच्या तसे उचलून खान्देशात लावू नयेत, हे सांगण्यासाठीच ही कृती इतक्या तपशिलाने लिहीत आहे.

आधी हातातली जोडी ओळखावी

प्रोसेसर आणि मदरबोर्ड यांची स्वस्तातली प्रत्येक जोडी ओव्हरक्लॉक होत नाही. एएमडीच्या एएम४ सॉकेटमधील बहुतेक रायझन प्रोसेसरांचा गुणक (वेग ठरवणारा आकडा) खुला असतो, परंतु ए३२० आणि ए५२० चिपसेटचे (बोर्डाच्या क्षमता ठरवणाऱ्या चिपचे) मदरबोर्ड त्याला हात लावू देत नाहीत. त्यासाठी बी३५०, बी४५०, बी५५० किंवा एक्स मालिकेतला बोर्ड लागतो. इंटेलच्या बाजूला नावात ‘के’ असलेला प्रोसेसर आणि झेड मालिकेचा बोर्ड हे दोन्ही लागत असल्याने ती वाट स्वस्त राहत नाही. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये जुनी जोडी घ्यायला गेल्यावर प्रोसेसरचे नाव सगळेच विचारतात. चिपसेटचे नावही विचारावे आणि बोर्ड हातात घेऊन प्रोसेसरच्या सॉकेटच्या डाव्या बाजूला पाहावे. तिथे ओळीने बसवलेले काळे चौकोनी तुकडे आणि त्यांच्याशेजारचे करडे चोक म्हणजे व्हीआरएम, अर्थात एसएमपीएसकडून (संगणकाला वीज पुरवणाऱ्या पेटीकडून) आलेले १२ व्होल्ट प्रोसेसरला लागणाऱ्या सव्वा-दीड व्होल्टपर्यंत उतरवणारा भाग होय. त्यावर ॲल्युमिनियमचे हीटसिंक (उष्णता शोषून हवेत सोडणारी पाती) नसेल तर त्या बोर्डाकडून फार अपेक्षा ठेवू नये.

माझा खरा दोषी इथेच दडलेला होता. प्रोसेसर ९२ अंश दाखवत असल्याने मी आधी त्यालाच बोल लावला. पण बाजू उघडून एक छोटा टेबलफॅन व्हीआरएमवर रोखला आणि तेच रेंडर शेवटपर्यंत पार पडले. गंमत अशी, की हा दोष मी स्वतः पैसे मोजून विकत घेतला होता. प्रोसेसरसोबत मिळणारा मूळ पंखा वरून खाली वारा सोडतो, त्यामुळे तो वारा बोर्डावर पसरून व्हीआरएमलाही मिळतो. त्याच्या जागी मी टॉवर पद्धतीचे उंच हीटसिंक बसवले होते, ज्याचा वारा बोर्डाला समांतर मागच्या बाजूने निघून जातो. प्रोसेसर थंड झाला आणि त्याचा शेजारी भाजू लागला. टॉवर बसवणार असाल तर कॅबिनेटच्या मागे वरच्या बाजूला हवा बाहेर फेकणारा एक पंखा असलाच पाहिजे, आणि व्हीआरएम उघडे असेल तर त्याच्यावर वारा येईल अशी वेगळी सोय करावी. त्याचे तापमान पाहण्यासाठी कोरोनाच्या काळात घेतलेले कपाळावर धरायचे थर्मामीटर वापरू नये. ते माणसाच्या तापापुरतेच आकडे दाखवते.

बायोसमध्ये जाण्यापूर्वी

बायोस म्हणजे मदरबोर्डमधले, संगणक सुरू करणारे मूळ सॉफ्टवेअर; त्यात शिरण्याआधी वॉरंटीचा विचार करावा, कारण ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेले नुकसान एएमडीच्या वॉरंटीत बसत नाही. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसवर हा प्रयोग करू नये. भिंतीतल्या सॉकेटचे अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे; कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर ते काम आधी, बाकी सर्व नंतर.

नंतर साफसफाई. आपल्याकडे धुळीच्या जोडीला कापसाचे तंतूही उडतात आणि जिनिंगच्या परिसरात राहणाऱ्यांना हे सांगायला नको, की हीटसिंकच्या पात्यांमध्ये त्यांची गादीसारखी पुटे बसतात. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होते. हीटसिंक काढायचे असेल तर संगणक दहा-पंधरा मिनिटे भाराखाली चालवून, बंद करून, प्लग काढून, ते कोमट असतानाच डावी-उजवीकडे हलके पिळत सोडवावे. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरच्या बाजूला असतात आणि प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली, उष्णता वाहून नेणारी जुनी पेस्ट गोंदासारखी घट्ट झालेली असते. थंडपणी सरळ वर ओढल्यास कुलूपबंद सॉकेटमधून प्रोसेसर हीटसिंकला चिकटून बाहेर येतो आणि पिना वाकतात. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मधोमध वाटाण्याएवढा नवा थेंब ठेवावा.

बायोस अद्ययावत करायचे असल्यास ते यूपीएस लावूनच करावे. मध्येच वीज गेली तर अर्धवट लिहिलेले बायोस बोर्डाला मुके करून टाकते, आणि आपल्याकडची वीज जाण्यापूर्वी विचारत नाही.

रॅमचा सोपा लाभ

प्रोसेसरला हात लावण्यापूर्वी रॅम पाहावी, कारण इथे जवळजवळ फुकट वेग मिळतो आणि उष्णताही फारशी वाढत नाही. ३२०० म्हणून घेतलेली डीडीआर४ रॅम बायोसमध्ये एक्सएमपी प्रोफाइल (रॅममध्येच नोंदवून ठेवलेला जास्त वेगाचा संच) चालू करेपर्यंत २१३३, २४०० किंवा २६६६ या वेगानेच चालत राहते. कित्येकांच्या संगणकात ती वर्षानुवर्षे तशीच चालत असते. दोन पट्ट्या असतील तर चार खाचांच्या बोर्डावर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवाव्यात. रायझन ५ २६०० साठी एएमडीने २९३३ पर्यंतचाच वेग अधिकृत मानलेला आहे, त्यामुळे ३२०० वर संगणक सुरू न झाल्यास २९३३ वर समाधान मानावे. मग मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारे सॉफ्टवेअर एक रात्रभर चालवावे आणि एकही चूक दिसली तर एक पायरी खाली यावे. रॅमची चूक पुढे प्रोसेसरच्या नावावर खपते, म्हणून हा टप्पा गाळू नये.

प्रत्यक्ष कृती

सर्वप्रथम काहीही न बदलता सिनेबेंच आर२३ हे प्रोसेसरला राबवून गुण देणारे सॉफ्टवेअर दहा मिनिटे चालवावे आणि बाजूला तापमान, वेग दाखवणारे एचडब्ल्यूइन्फो उघडून गुण, सर्व कोअरचा (प्रोसेसरमधल्या स्वतंत्र गणकांचा) प्रत्यक्ष वेग आणि कमाल तापमान वहीत लिहून ठेवावे. रायझन ५ २६०० च्या खोक्यावर ३.४ ते ३.९ गिगाहर्ट्झ असे लिहिलेले असते, पण सहाही कोअर राबत असताना माझा प्रोसेसर ३.७ च्या आसपास राहत असे. म्हणजे ४.० वर नेल्यास मिळणारा लाभ सुमारे आठ टक्के. तीन तासांच्या रेंडरमध्ये फार तर तेरा-चौदा मिनिटे. एवढ्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असे ज्यांना वाटेल त्यांनी रॅमवर थांबावे, त्यात कमीपणा काही नाही.

पुढे जायचे असल्यास संगणक सुरू होताना डिलीट दाबून बायोसमध्ये जावे. सीपीयू रेशो हा गुणक १०० मेगाहर्ट्झच्या मूळ घड्याळाला लागतो, म्हणून ३८.०० लिहिले की ३.८ गिगाहर्ट्झ होतात. मूळ घड्याळाला मात्र हात लावू नये, त्याच्यामुळे इतर भागांचे वेगही हलतात. व्होल्टेज ‘ऑटो’वर कधीही सोडू नये, अशा वेळी बोर्ड गरजेपेक्षा बरेच जास्त व्होल्टेज उदार हस्ते देऊन टाकतो. ३.८ ला १.२० व्होल्ट देऊन सुरुवात करावी, सिनेबेंच दहा मिनिटे चालवावे, टिकले तर गुणक पाव-पावने वाढवत जावे आणि कोसळले तर व्होल्टेज ०.०२५ ने वाढवावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक बदल वहीत नोंदवावा. प्रोसेसर राबत असताना एचडब्ल्यूइन्फोमध्ये दिसणारे व्होल्टेज बायोसमध्ये लिहिलेल्यापेक्षा फार खाली पडत असेल तर लोड-लाइन कॅलिब्रेशन (ही घसरण रोखणारी बायोसमधली सोय) मधल्या पातळीवर ठेवावे, सर्वांत तीव्र पातळीवर नको.

कुठे थांबायचे ते चिपच सांगते. माझी चिप १.२७५ व्होल्टवर ४.० ला बसली, पण ४.१ साठी तिने थेट १.३७५ मागितले. उष्णता साधारणपणे वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते, त्यामुळे अडीच टक्के वेगासाठी सुमारे १९ टक्के जास्त उष्णता हा तो सौदा होता आणि डिसेंबरच्या गारव्यात मी तो आनंदाने केला होता. रोजच्या वापरासाठी मी या चिपला आता १.३५ व्होल्टच्या वर नेत नाही. नंतर आलेल्या रायझन ५ ५६०० ची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्याला हाताने एकच वेग बांधून दिला तर एखाद-दुसऱ्या कोअरचा ४.४ पर्यंत जाणारा स्वतःचा बूस्ट गमवावा लागतो, म्हणून त्याच्यासाठी बायोसमधील पीबीओ (बूस्टच्या मर्यादा सैल करणारी सोय) आणि कर्व्ह ऑप्टिमायझर (कोअरचे व्होल्टेज पायरीपायरीने कमी-जास्त करणारी सोय) वापरून सर्व कोअरना उणे १० पासून सुरुवात करावी. व्होल्टेज कमी झाल्यामुळे तो थंड राहतो आणि वेग आपोआप वाढतो.

चाचणी दुपारची

सिनेबेंचची दहा मिनिटे केवळ वाट दाखवतात. खरी चाचणी ओसीसीटी किंवा प्राइम९५ या प्रोसेसरला ताण देणाऱ्या सॉफ्टवेअरवर किमान दोन-तीन तासांची असावी, ती दुपारी घ्यावी, आणि तीही खोलीतला कूलर बंद ठेवून. कोरड्या उन्हात वाळ्याचा कूलर खोली चांगलीच गार करतो हे खरे, परंतु वीज गेली की तो थांबतो आणि यूपीएस किंवा इन्व्हर्टरवरचा संगणक मात्र रेंडर करीतच राहतो. खोली भराभर तापते आणि सकाळी पास झालेला ओव्हरक्लॉक तिथे नापास होतो. कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर घेण्याचा मोहही टाळावा, कारण त्यासोबत येणारे तुषार आणि आपल्या बोअरच्या पाण्यातले क्षार बोर्डावर पांढरे पडतात.

चाचणीत प्रोसेसर ८५ अंशांच्या आत राहिला पाहिजे. तापमान ठीक असूनही वेग मध्येच घसरत असेल तर संशय व्हीआरएमवर घ्यावा. संगणक बंद न पडताही अस्थिर असू शकतो, म्हणून विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगरच्या, म्हणजे हार्डवेअरच्या चुकांच्या, नोंदी शोधाव्यात. एक जरी सापडली तरी व्होल्टेज एक पायरी वर किंवा वेग एक पायरी खाली न्यावा.

पडदा काळाच राहिला तर घाबरू नये. बरेच बोर्ड दोन-तीन प्रयत्नांनंतर स्वतःच मूळ आकड्यांवर येतात. न आल्यास प्लग काढून, पॉवरचे बटण एकदा दाबून उरलेली वीज सोडावी आणि बोर्डावरच्या क्लिअर सीएमओएसच्या (बायोसचे आकडे पुसून मूळ स्थितीत आणणाऱ्या) दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दहा सेकंद जोडून धराव्यात. पिना सापडल्या नाहीत तर सीआर२०३२ ची गोल बॅटरी पाच मिनिटे काढून ठेवली तरी चालते.

सर्व आकडे पक्के झाल्यावर ते बायोसमध्ये प्रोफाइल म्हणून जतन करावेत आणि एकच नव्हे, दोन करावेत. माझ्याकडे ४.० गिगाहर्ट्झ आणि १.२७५ व्होल्टचे एक आहे, त्याचे नाव मी ‘भरीत’ ठेवले आहे. दुसरे ३.८ आणि १.१७५ चे असून त्याचे नाव ‘आखाजी’ (आमच्याकडची अक्षय्य तृतीया) आहे. गुढी उतरवली की त्याच संध्याकाळी मी दुसरे लावतो, आणि पहिला चांगला पाऊस पडेपर्यंत पहिल्याला हात लावत नाही.