हॉलमध्ये फ्लॅश लावलाय ना? मग मीटरचा काटा शून्यावर आणू नका

लग्नसराई आली की नवी पोरं हाताखाली येतात. कॅमेरा भारी, फ्लॅश त्याहून भारी. पण मॅन्युअल मोडवर (सगळं हाताने लावायचं तिथे) गेल्या गेल्या पहिला उद्योग म्हणजे मीटरचा काटा शून्यावर आणणं. "दादा, मायनस दोन दाखवतोय. फोटो काळा येईल ना?"

नाही येणार. तो काटा फक्त हॉलमधला उजेड मोजतो (मायनस दोन म्हणजे हवा त्यापेक्षा दोन पायऱ्या कमी), डोक्यावरच्या फ्लॅशचा त्याला पत्ताच नसतो. फ्लॅशचा हिशेब वेगळा होतो. बटण पूर्ण दाबलं की आधी एक बारीक प्री-फ्लॅश उडतो, समोरून परत आलेला उजेड कॅमेरा मोजतो आणि त्यावरून खऱ्या फ्लॅशची ताकद ठरवतो. हेच ते टीटीएल, म्हणजे थ्रू द लेन्स, लेन्समधून मोजणं. सगळं इतक्या झटकन होतं की डोळ्याला एकच फ्लॅश दिसतो.

एका लग्नात मी वधूच्या बाजूला होतो, समोरची बाजू नव्या पोराकडे. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ४००, अॅपर्चर (लेन्सचं तोंड) एफ/५.६ आणि काटा शून्यावर यावा म्हणून शटर १/८ सेकंद. मंगलाष्टकं संपली, अक्षता उडाल्या, बँड वाजला. रात्री फोटो उघडले तर फ्लॅशने गोठवलेल्या चेहऱ्याभोवती हॉलच्या पिवळ्या उजेडाचा दुसरा, हललेला चेहरा! हार घालणारे हात चार, अक्षतांच्या रेघा. भटजींना मंगलाष्टकं पुन्हा म्हणायला कोण सांगणार?

माझी सवय सांगतो: १/१२५, एफ/४, आयएसओ ८००. काटा मायनस दोनच्या आसपास राहिला तर राहू दे. फ्लॅशचा झोत सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आतबाहेर संपतो, त्यामुळे शटर हळू केल्याने त्याच्यात काही फरक पडत नाही, फक्त मागचा हॉल उजळतो. अॅपर्चर आणि आयएसओ मात्र दोन्हींवर चालतात. एवढं डोक्यात बसलं की अर्धी लढाई संपली, पण पोरांना त्याआधी प्रीसेट (फोटो सुधारायच्या तयार सेटिंग्ज) हवे असतात.

अॅपर्चर प्रायॉरिटीवर (अॅपर्चर आपण ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो) फ्लॅश लावणाऱ्यांचीही तीच गत. कॅनन तिथे हॉलचाच उजेड मुख्य धरतो आणि शटर खुशाल पाव सेकंदावर नेतो.

दुसरं माझं दुखणं म्हणजे रुखवत. स्टीलच्या भांड्यांची उतरंड, मागे चमकीचा पडदा, मध्ये नवरी. प्री-फ्लॅश भांड्यांवरून थेट लेन्समध्ये परततो, कॅमेऱ्याला वाटतं उजेड उदंड झाला, आणि तो फ्लॅशची ताकद छाटतो. भांडी लखलखीत, नवरी काळीठिक्कर. पांढऱ्याशुभ्र अंतरपाटाने फ्रेम भरली तरी हेच होतं. पूर्वी मी फ्लॅश कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेली ताकद वर-खाली करणं) प्लस एक करून बघायचो. आता सरळ दोन पावलं बाजूला सरकतो, चेहऱ्यावर फ्लॅश एक्सपोजर लॉक करतो (तिथला फ्लॅशचा हिशेब आधीच पक्का करून ठेवतो), आणि तरीही ऐकत नसेल तर फ्लॅश मॅन्युअलवर. रुखवत कुठे पळून जात नाही, एक-दोन फोटोंत ताकद जुळते. "टीटीएल असताना मॅन्युअल कशाला?" असं विचारणाऱ्याला मी रुखवतासमोरच उभा करतो.

कॉम्पेन्सेशनची बटणं दोन आहेत, हेही पुष्कळांना ठाऊक नसतं. कॅननमध्ये साधं कॉम्पेन्सेशन फक्त हॉलच्या उजेडावर चालतं, फ्लॅशचं वेगळं. चेहरा काळा म्हणून साधंच वाढवत बसलात तर मागची ट्यूबलाइट तेवढी पेटेल.

बाकीचं थोडक्यात. छत हिरवं असेल तर तिथून फ्लॅश बाउन्स करू नका (छतावर मारून परतवू नका), नवरी हिरवी होते. फोटोत काळा पट्टा आला तर शटर सिंक स्पीडच्या (फ्लॅशबरोबर चालणाऱ्या सर्वात जलद शटरच्या) पुढे गेलंय, १/२०० वर या. मागच्या रांगेतले पाहुणे अंधारात गेले म्हणून फ्लॅशला शिव्या देऊ नका; अंतर दुप्पट झालं की उजेड पाव होतो. आणि फ्लॅशचा रेडी दिवा लागल्याशिवाय बटण दाबू नका. चार सेलमध्ये एक जुना घुसडला असेल, तर तो दिवा नेमका सप्तपदीलाच लागत नाही.