गंजलेली डॅटसन 240झेड घरच्या गॅरेजात दुरुस्त करताना

डॅटसन म्हटलं की भारतात वाढलेल्या आपल्यापैकी बहुतेकांना 2014 साली आलेली छोटी 'गो' आठवते. जपान-अमेरिकेत मात्र हे नाव काढलं की लांब नाकाची, दोन सीटची 240झेड डोळ्यांपुढे येते. 1969च्या अखेरीस ती जपानमध्ये फेअरलेडी झेड या नावाने आली आणि लगोलग अमेरिकेत पोचली. सरळ रांगेतल्या सहा सिलिंडरचं 2,393 सीसीचं इंजिन, 151 हॉर्सपॉवर, चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आणि किंमत फक्त 3,526 डॉलर. डॅटसन हे नाव ज्या कंपनीचं, त्या निसानचा अमेरिकेतला कारभार पाहणारे युताका काटायामा, म्हणजे 'मिस्टर के', यांनी ती तिथल्या गिऱ्हाइकांपर्यंत जिद्दीने पोचवली.

इंजिन इतकं दणकट की वर्षानुवर्षं उभं राहूनही बऱ्याचदा परत चालू होतं. पत्र्याचं तसं नाही. तो पातळ आहे आणि आतल्या पोकळ्यांना त्या काळी गंजापासून फारसं संरक्षण नव्हतं. मिशिगन, ओहायो, न्यू जर्सीत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे तिथल्या गाड्यांची अवस्था सर्वांत वाईट. तिकडे गॅरेज असलेलं घर आणि हाताला कामाची आवड असलेली मराठी मंडळी पुष्कळ आहेत. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी.

या गाडीला वेगळी चासी नाही. पत्र्याचा सांगाडा हीच चासी. म्हणून गंज हा इथे दिसण्याचा प्रश्न नसून गाडीच्या ताकदीचा प्रश्न आहे. आणि भोक जिथे दिसतं तिथे गंजाची सुरुवात क्वचितच झालेली असते. पाणी कुठून शिरलं आणि कुठे साचून राहिलं हे कळल्याशिवाय ग्राइंडर हातात घेऊ नका. नाहीतर नवा पत्राही त्याच वाटेने जाईल.

आधी पाण्याची वाट शोधा

एक टॉर्च, एक जुना स्क्रू ड्रायव्हर आणि फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक एवढं पुरतं. चुंबक जिथे धरत नाही तिथे रंगाखाली पुट्टी किंवा फायबर भरलेलं आहे. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, कुजलेला बद्द.

सुरुवात बॅटरीखालच्या ट्रेपासून करा. डाव्या स्टिअरिंगच्या गाडीत बॅटरी बॉनेटखाली उजवीकडे, फायरवॉलजवळ, म्हणजे इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्याच्या भिंतीजवळ, असते. ॲसिड गळून ट्रे खातं, मग खालचा पत्रा आणि शेवटी त्याखालून जाणारी फ्रेम रेल. ही रेल म्हणजे पुढच्या टोकापासून फ्लोअरखाली जाणारा पोकळ कणा. ती मऊ झाली असेल तर कामाचा आकार एकदम बदलतो.

दुसरी वाट पुढच्या काचेखालच्या जाळीतून. तिथलं पाणी दोन्ही बाजूंनी पुढच्या मडगार्डच्या आत उतरतं. त्याबरोबर पानं आणि माती उतरते, दाराच्या पुढच्या कोपऱ्यात लगदा होऊन बसते आणि कायम ओली राहते. मडगार्डचा खालचा भाग आणि दाराखालची सिल तिथूनच कुजते. मडगार्ड वेल्ड केलेलं नाही, बोल्टवर आहे. ते काढल्याशिवाय कोणताही अंदाज बांधू नका.

तिसरी वाट मागून: हॅचचं, म्हणजे मागच्या वर उघडणाऱ्या दाराचं, रबर आणि मागच्या दिव्यांची गॅस्केटं. यातून शिरलेलं पाणी स्टेपनीच्या खळग्यात साचतं. याच फटींतून चालत्या गाडीत एक्झॉस्टचा धूरही आत येतो. या गाडीत तो वास येणारच असं बरेच मालक धरून चालतात. तसं धरू नका. त्या वासाबरोबर कार्बन मोनॉक्साइडही येतो, तेव्हा ही रबरं-गॅस्केटं पहिल्याच खरेदीच्या यादीत हवीत.

मागच्या चाकाच्या पुढचा खालचा कोपरा आणि पायाखालचं फ्लोअर हेही बघाच. कार्पेट काढा, त्याखालची डांबरी चादरही काढा. तिच्यावर कोरडा बर्फ (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) पसरून थोडं थांबलं की ती कडक होते आणि हातोडीने ठोकल्यावर तुकड्यांनी निघते. हातमोजे घाला आणि गॅरेजचं दार उघडं ठेवा, कारण बर्फातून निघणारा वायू बंद जागेत घातक असतो.

फायरवॉलवर ठोकलेला क्रमांक, डॅशबोर्डवरची पट्टी आणि कागदपत्रं जुळतात ना हे गाडी घेण्याआधी तपासा. दोन्ही फ्रेम रेल, दोन्ही सिल आणि पुढच्या सस्पेन्शनचे टेकू हे सगळंच कुजलं असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: ती गाडी सुट्या भागांसाठी घ्या आणि दुरुस्तीला दुसरी शोधा.

सुटं करणं

याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. प्रत्येक भाग काढण्याआधी फोटो, प्रत्येक बोल्टला चिठ्ठी लावलेली पिशवी. कुजलेला भागही फेकू नका, नवा पत्रा कापताना तोच नमुना असतो. मात्र पेट्रोलची टाकी आणि तिच्या नळ्या सर्वांत आधी काढा आणि गॅरेजबाहेर ठेवा. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते.

मागच्या सस्पेन्शनमधला स्पिंडल पिन, म्हणजे चाकाचा आधार खालच्या आर्मला जोडणारा लांब पिन, इथे अडवतोच. गंजाने तो आपल्या घरात जाम बसतो. हातोडीने ठोकत राहिलं तर टोक फुगतं आणि मग तो मुळीच निघत नाही. गंज सोडवणारं तेल काही दिवस घालत राहा आणि या कामासाठी मिळणारा पुलर वापरा.

कापण्याआधी सांगाडा बांधा

घरी केलेली बरीच कामं बिघडतात ती इथे. सिल कापली की दाराच्या जागी सांगाड्याला आधार उरत नाही आणि तो मिलिमीटर मिलिमीटरने वाकतो. नवी सिल त्याच वाकलेल्या स्थितीत वेल्ड झाली, की दार पुन्हा कधीच नीट बसत नाही.

म्हणून गाडी सपाट फरशीवर, सस्पेन्शन जिथे वजन घेतं त्या जागी मजबूत स्टँड देऊन समतल करा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही जाऊ नका. दारं लावलेली असतानाच सगळीकडच्या फटी मोजून लिहून ठेवा, दाराच्या चौकटीचे कर्णही मोजा. मग दारं काढून त्या जागी चौकोनी पाइप आडवे-तिरके वेल्ड करा. एका वेळी एकच बाजू कापा. ती पूर्ण जोडून, मापं पुन्हा जुळवून मगच दुसरीला हात लावा.

पत्रा आणि वेल्डिंग

फ्लोअर, फ्रेम रेल, बॅटरी ट्रे, सिल हे सगळं नवं तयार मिळतं. तरी ते जसंच्या तसं बसेल अशी अपेक्षा ठेवू नका. आधी क्लॅम्पने धरून बघा, मग जुना पत्रा कापा. कारखान्यातले स्पॉट वेल्ड (ठिपक्यांसारखे टाके) खास कटरने एकेक भोक पाडून सोडवा म्हणजे खालचा चांगला पत्रा वाचतो. कुजलेल्या भागाच्या पलीकडे, चकचकीत धातू लागेपर्यंत कापा. पातळ झालेल्या कडेवर वेल्डिंग धरत नाही, भोक मोठं होत जातं.

बाहेरचा पत्रा साधारण 0.8 मिमी जाडीचा. त्याला 0.6 मिमी तारेचं मिग वेल्डिंग (ज्यात तार यंत्रातून आपोआप पुढे येते) आणि आर्गॉन-कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण योग्य. सलग ओढू नका. एक टाका इथे, पुढचा लांब तिकडे, मग मध्ये. आधीचा टाका हाताला गार लागला की शेजारी दुसरा. पाणी मारून गार करायची घाई नको. फ्लोअर आणि रेल जोडताना वरच्या पत्र्याला भोकं पाडून ती वेल्डने भरत जा, ही जोडणी मूळ स्पॉट वेल्डच्या जवळ जाते.

वेल्डिंगच्या आधी क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरने पत्रा पुसू नका. त्याचा अंश आर्कच्या उष्णतेत आला की फॉस्जीन हा जीवघेणा वायू तयार होतो. साफसफाईला ॲसिटोन वापरा आणि ते पूर्ण उडू द्या. शेजारी आग विझवायचं यंत्र हवं, आणि काम संपल्यावर निदान अर्धा तास गॅरेज सोडू नका. उरलेलं डांबर आतल्या आत धुमसत राहतं.

सुट्या भागांवरचा गंज

कंसांसारख्या छोट्या भागांना विजेचा उपाय उत्तम. प्लॅस्टिकच्या टबात पाणी आणि धुण्याचा सोडा घ्या. बॅटरी चार्जरची ऋण तार गंजक्या भागाला आणि धन तार साध्या लोखंडाच्या पट्टीला जोडा. ती पट्टी स्टेनलेस स्टीलची नको, तिच्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. यात हायड्रोजन निघतो, म्हणून टब उघड्यावर ठेवा. स्प्रिंग आणि उच्च ताकदीचे बोल्ट यात घालू नका, ते ठिसूळ होऊ शकतात. गंज 'बदलणारी' रसायनं मी फक्त हात न पोचणाऱ्या पोकळीसाठी ठेवेन. उघड्या पत्र्यावर घासून काढण्याला पर्याय नाही.

थर कोणत्या क्रमाने

स्वच्छ धातूवर आधी इपॉक्सी प्रायमर. त्यावर गरज असेल तिथे पुट्टी, जोडांवर सीम सीलर (फटी बुजवणारी लवचीक पेस्ट), मग खालच्या बाजूला खडीचा मार सोसणारा लेप आणि शेवटी रंग. पुट्टी ओलावा शोषते, म्हणून ती उघड्या पत्र्यावर न लावता प्रायमरवर लावलेली बरी. बाहेरचा दोन घटकांचा रंग घरी फवारू नका. त्यातल्या आयसोसायनेट या फुप्फुसांना घातक रसायनापासून साधा मास्क वाचवत नाही. ते काम रंगाच्या बूथवाल्याला द्या.

रंग वाळल्यावर सिल आणि रेलच्या पोकळीत लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स मारा. ते खालच्या भोकांतून ठिबकायला लागलं की आतपर्यंत पोचलं. मग तारेने ती भोकं मोकळी करा. सीलरने किंवा वॅक्सने बुजलेलं भोक म्हणजे पाण्याला नवं तळं.

इंजिन, ब्रेक, वायरिंग

स्टार्टर मारण्याआधी प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल घाला, एक दिवस जाऊ द्या आणि क्रँक पान्याने हाताने फिरवा. व्हॉल्व्हचं अंतर थंड इंजिनवर इनटेकला 0.20 मिमी, एक्झॉस्टला 0.25 मिमी. फायरिंग ऑर्डर 1-5-3-6-2-4. ब्रेकच्या बाबतीत काटकसर नको: मास्टर सिलिंडर, मागच्या ड्रममधले सिलिंडर आणि रबरी होज सगळे नवेच घाला. हेडलाइटचा पूर्ण करंट मूळ रचनेत स्टिअरिंगवरच्या स्विचमधून जातो आणि तो जळतो. मधे रिले, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, बसवला की तो भार उतरतो.

गाडी चाकांवर आली, दारांच्या फटी वहीतल्या मापांशी जुळल्या, की पहिल्या शंभरेक मैलांनंतर सस्पेन्शनचे सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा. कार्पेट लगेच चिकटवू नका. काचेखालच्या जाळीत बादलीभर पाणी ओता, हॅचवर पाइपने पाणी मारा आणि फ्लोअर, सिल, स्टेपनीचा खळगा हाताने चाचपून बघा. सगळं कोरडं लागलं तर कार्पेट घाला. ओल लागली तर ती कुठून आली हे सापडेपर्यंत फ्लोअर उघडंच राहू द्या.