कंटेंट रायटिंगचं जोडउत्पन्न: नवख्यांचे पैसे नेमके कुठे गळतात

कंटेंट रायटिंग म्हणजे संकेतस्थळांसाठी लेख लिहून देणं. शब्दाला ४० पैसे हा दर ऐकला की पहिला हिशेब सगळे असाच करतात. हजार शब्दांचे ४०० रुपये, रोज एक लेख, महिन्याला १२,०००. नोकरी सांभाळून वाईट काय! तिसऱ्या आठवड्यात मात्र चारच लेख झालेले असतात, त्यातले दोन दुरुस्तीला परत आलेले असतात आणि १,६०० रुपयांपैकी खात्यात काहीच जमा नसतं. गुणाकार बरोबरच होता, त्यात तास तेवढे धरले नव्हते.

शब्दाचा दर ऐकून होकार देणं

हजार शब्दांचा साधा माहितीपर लेख घ्या. विषय अनोळखी असेल तर वाचन आणि टिपणं दोन तास, लिखाण अडीच तास, परत वाचून साफ करायला एक तास, मथळे-उपमथळे लावून गूगल डॉक्समध्ये नीट मांडायला अर्धा तास. झाले सहा तास. ४०० रुपयांना सहाने भागा, तासाला ६७ रुपयेही पडत नाहीत. ग्राहकाने दोनदा दुरुस्त्या सांगितल्या आणि त्यात आणखी दोन तास गेले, तर तासाला ५०. शिवाय नोकरीवरून आल्यावर रोज दोनच तास मिळत असतील तर हा एक लेख चार संध्याकाळी खातो. महिन्याला सात-आठ लेख, म्हणजे फार तर ३,२०० रुपये.

म्हणून पहिल्या तीन लेखांना फोनवरचं स्टॉपवॉच लावा. वाचन, लिखाण आणि दुरुस्ती यांची वेळ वेगवेगळी लिहून ठेवा. मग तासाला किती हवेत ते ठरवा आणि उलटा हिशेब करा. तासाला १५० हवे असतील आणि सहा तास लागत असतील तर लेखाचे ९०० रुपये, म्हणजे शब्दाला ९० पैसे. तेवढं कुणी देत नसेल तर तास कमी करायचे, आणि ते वाचनातूनच कमी होतात. लेखाची गुणवत्ता कापून वाचवलेला वेळ दुरुस्तीत परत जातो. बँकेत काम करणाऱ्याने कर्जावर, शिक्षिकेने शालेय अभ्यासावर, द्राक्षबाग असलेल्याने छाटणी-फवारणीवर लिहिलं तर दोन तासांचं वाचन अर्ध्या तासावर येतं. नवखा माणूस नेमका उलटं करतो. ‘मी कुठल्याही विषयावर लिहितो’ असं सांगतो आणि प्रत्येक लेखाला शून्यापासून सुरुवात करतो.

अनुवादात मराठी शब्द मोजणं

हा खड्डा मराठीत विशेष खोल आहे. ‘ही सॅट अंडर द ट्री इन फ्रंट ऑफ द हाउस’ हे इंग्रजी वाक्य दहा शब्दांचं. मराठीत ‘तो घरासमोरच्या झाडाखाली बसला’, चार शब्द. प्रत्येक वाक्यात एवढी तफावत पडत नाही, पण आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं नामाला चिकटतात, इंग्रजीतली ‘द’, ‘ऑफ’, ‘इन’ सुटी मोजली जातात. त्यामुळे चांगला मराठी अनुवाद मूळापेक्षा कमी शब्दांचा होतो. मराठी शब्दांवर पैसे ठरले असतील तर तुम्ही जितकं नेटकं लिहाल तितके कमी पैसे! अनुवादाचा दर नेहमी मूळ मजकुराच्या शब्दांवर ठरवा आणि तसं लिहून घ्या.

यातूनच एक वाईट सवय लागते. शब्दसंख्या भरावी म्हणून ‘मुंबई मध्ये’, ‘घरा वर’, ‘त्यांच्या साठी’ असं तोडून लिहायचं. संपादकाला हे पहिल्या परिच्छेदातच दिसतं. ‘मुंबईमध्ये’, ‘घरावर’, ‘त्यांच्यासाठी’ हे एकेकच शब्द आहेत.

‘दुसर्या’ आणि टंकलेखनाचे इतर घोटाळे

नमुना लेख नाकारला जातो तेव्हा कारण पुष्कळदा आशयात नसतं, कळफलकात असतं. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘नवऱ्याला’ यांत जो आडवा रफार लागतो तो साध्या ‘र’ला हलन्त देऊन येत नाही. तसं केलं की ‘सूर्य’मधला रफार येतो आणि ‘दुसर्या’ तयार होतं. फरक दिसण्यापुरता आहे असं वाटत असेल तर ‘लग्नाला आचार्यांना बोलावलं’ आणि ‘लग्नाला आचाऱ्यांना बोलावलं’ ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा. पहिल्यात गुरुजन आले, दुसऱ्यात स्वयंपाकी.

इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाण कळफलकावर शिफ्ट धरून इंग्रजी J ची कळ दाबली की ‘ऱ’ येतो. मग D ची कळ दाबून हलन्त, मग ‘य’. रोमनमध्ये टाइप करून मराठी उमटवणारा कळफलक असेल तर सुचवलेल्या शब्दांतून आडव्या रफाराचा शब्द निवडावा लागतो, पहिली सूचना डोळे झाकून घेऊ नका. लेख संपल्यावर शोधसुविधेत ‘र्या’ टाकून सगळ्या जागा एकदा तपासा. दोन मिनिटांचं काम आहे. तसंच ‘ॲप’, ‘अॅप’ आणि ‘ऍप’. संगणकाच्या लेखी हे तीन वेगळे शब्द आहेत, त्यामुळे एक शोधला तर दुसरा सापडत नाही. ‘ॲ’ ठरवा आणि लेखभर तोच ठेवा.

जुन्या श्री-लिपी किंवा कृतिदेव फाँटमधला मजकूर थेट चिकटवला तर ग्राहकाच्या पडद्यावर निरर्थक चिन्हं दिसतात. ते फाँट युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखी दिसणारी अक्षरं, नाहीत. फाँट बदलून देणाऱ्या परिवर्तकातून काढून घ्या, पण नंतर जोडाक्षरं आणि रफार हाताने तपासा, कारण परिवर्तक तिथेच घसरतो. आणि अंक देवनागरी हवेत की इंग्रजी, हे काम सुरू करतानाच विचारा. ३०० आकडे मागाहून बदलण्याचे पैसे कुणी देत नाही.

कीवर्ड आहे तसा कोंबणं

कीवर्ड म्हणजे लोक गूगलवर शोधताना टाइप करतात ते शब्द. ग्राहक ‘पुणे मधील सर्वोत्तम मेस’ असा कीवर्ड देतो आणि लेखात आठ वेळा हवा म्हणतो. लोक शोधताना असंच मोडकं टाइप करतात हे खरं, पण आठ वेळा छापलं तर वाचक दुसऱ्या ओळीत पळतो. मार्ग सोपा आहे. मूळ रूप शीर्षकात किंवा एखाद्या उपमथळ्यात एकदा येऊ द्या, बाकी ठिकाणी ‘पुण्यातल्या चांगल्या मेस’, ‘पुण्यात मेस शोधताना’ अशी नैसर्गिक रूपं वापरा. मराठीत नामाचं सामान्यरूप होतं, शोधयंत्रंही आता एकाच साच्याला अडून बसत नाहीत. ग्राहकाला हे लेखासोबत एका ओळीत कळवा, नाहीतर तो मोजून परत पाठवील.

‘चला तर मग जाणून घेऊया’

‘नमस्कार मित्रांनो, आजच्या या लेखात आपण पाहणार आहोत…’ इथून सुरू होऊन ‘चला तर मग जाणून घेऊया’पर्यंत पोचायला शंभर शब्द जातात आणि वाचकाच्या हाती काही लागत नाही. ‘पॅन कार्ड हरवलं तर काय करावं’ असा लेख असेल तर पहिल्या दोन वाक्यांत उत्तर हवं. पॅन कार्डाचं महत्त्व कुणालाही वाचायचं नसतं, कार्ड हरवलंय म्हणूनच तो आलाय.

याचंच जुळं भावंड म्हणजे एआयकडून लिहून घेतलेला मजकूर जसाच्या तसा देणं. त्यातली मराठी बहुतेकदा हिंदी-इंग्रजीच्या वळणाची असते. ‘माझी मदत करा’ (मराठीत ‘मला मदत करा’), ‘लाभ उचला’ (‘लाभ घ्या’), प्रत्येक परिच्छेदात ‘महत्त्वपूर्ण भूमिका बजावते’. आराखडा काढायला, मुद्दे सुटलेत का बघायला ते साधन वापरा, वाक्यं तुमची असू द्या. गूगलने मार्च २०२४ मध्ये ढिगाने तयार केलेल्या निकृष्ट मजकुराविरुद्ध धोरण कडक केलं, तेव्हापासून ग्राहकही सावध झालेत. उलट, स्वतः लिहूनही ‘हे एआयचं आहे’ असा आरोप झाला तर? पूर्ण लेख सुरुवातीपासून गूगल डॉक्समध्येच लिहीत गेलात तर आवृत्ती-इतिहास तुमच्या बाजूने बोलतो. कुठली ओळ कधी लिहिली, कधी खोडली, सगळं दिसतं. दुसरीकडे लिहून एकदम चिकटवलं की हा पुरावा गेला.

शिळी माहिती

मराठीत सरकारी योजनांवरच्या लेखांना मोठी मागणी आहे आणि सगळ्यात जास्त फजितीही तिथेच होते. कारण एक संकेतस्थळ दुसऱ्याचं वाचून लिहितं, तिसरं दुसऱ्याचं. लाडकी बहीण योजनेचंच बघा. जून २०२४ च्या अखेरीस जाहीर झाली तेव्हा वयोमर्यादा २१ ते ६० होती आणि पाच एकर जमिनीची अट होती. जुलैच्या पहिल्या आठवड्यातच वय ६५ पर्यंत वाढलं, जमिनीची अट गेली, अर्जाची मुदत १५ जुलैवरून ३१ ऑगस्टवर गेली, आणि पुढे तीही वाढली. आठवडाभर जुना लेख वाचून लिहिणाऱ्यांनी पात्र बायकांना अपात्र ठरवलं. यावर इलाज एकच. महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावरून मूळ शासन निर्णय काढा, त्याचा दिनांक बघा, त्यानंतरचं शुद्धिपत्रक किंवा सुधारित निर्णय आहे का ते शोधा आणि लेखात ‘अमुक दिनांकाच्या शासन निर्णयानुसार’ असं लिहा.

फोटोंचं थोडक्यात. गूगलवर दिसला म्हणून उचलू नका. विकिमिडिया कॉमन्स किंवा पेक्सेल्ससारख्या ठिकाणाहून परवान्याची अट वाचून घ्या.

पैशांचं तोंडी ठरवणं

सगळ्यात मोठी गळती इथे. ‘होईल हो तुमचं पेमेंट’ या वाक्याला तारीख नसते. काम घेण्याआधी लांबलचक करार नको, एक मेल पुरतो. साधारण असा:

‘नमस्कार मॅडम, आपल्या बोलण्याप्रमाणे नोंद करतो. चार लेख, प्रत्येकी साधारण १,००० शब्द, लेखाचे ८०० रुपये. पहिला लेख सोमवारी, पुढचे दर तीन दिवसांनी. प्रत्येक लेखात दोनदा दुरुस्त्या धरल्या आहेत. विषयच बदलला तर तो नवा लेख धरावा लागेल. पैसे लेख मिळाल्यापासून १५ दिवसांत. हे बरोबर असल्यास कृपया “ठीक” एवढं उत्तर पाठवा, म्हणजे सुरुवात करतो.’

ते ‘ठीक’ येईपर्यंत लिहायला बसू नका. ग्राहक नवा असेल तर पहिल्या लेखाचे पैसे आल्यावरच दुसरा द्या. फुकट नमुना मागितला तर आधी लिहिलेला दाखवा. त्यांच्याच विषयावर हवा असेल तर २०० शब्द पुरेत. हजार शब्दांचे फुकट नमुने वीस जणांकडून, वीस वेगळ्या विषयांवर मागवून संकेतस्थळ भरणारे महाभागही आहेत.

बिल पाठवा, ‘पेमेंट राहिलंय’ असा निरोप पुरत नाही. बिलावर क्रमांक, तारीख, दोघांची नावं-पत्ते, लेखांची शीर्षकं, दर, एकूण रक्कम, पॅन, बँक खातं, आयएफएससी आणि पैसे देण्याची शेवटची तारीख हवी. कंपन्यांच्या हिशेब विभागात बिलाशिवाय काही हलत नाही. तुमचा लेख आवडलेली संपादिका आणि पैसे सोडणारा माणूस हे वेगळे असतात.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायाची सरकारकडची नोंद, आधारवर, ऑनलाइन आणि पूर्ण मोफत होते. त्यासाठी कुणी पैसे मागत असेल तर तो दलाल. सूक्ष्म उद्योग म्हणून नोंद असेल तर सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे ग्राहकाने लेखी मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. लेखी मुदत नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज लागतं आणि सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. नोंदणी काम घेण्याआधीची असलेली बरी. बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक छापला तरी बऱ्याचदा पैसे लवकर येतात.

परदेशी कामांच्या मंचावर दर लावताना त्यांचा वाटा धरा. फायव्हर २० टक्के कापतं, म्हणजे १,००० च्या कामाचे ८०० उरतात, आणि नवख्याला काम पूर्ण झाल्यावर तेही १४ दिवसांनी हाती येतात. स्वतःचा ब्लॉग काढून ॲडसेन्सवर, म्हणजे गूगलच्या जाहिरातींवर, विसंबणार असाल तर खात्यात १०० डॉलर जमेपर्यंत पैसे निघत नाहीत. सहा महिन्यांत घरखर्चाला हातभार हवा असेल तर तो रस्ता धरू नका.

नोंदणी फी आणि ‘टायपिंगचं काम’

काम देण्याआधी पैसे मागणारा कामच देत नसतो, मग त्याला नोंदणी, प्रशिक्षण की अनामत म्हणा. ‘कंटेंट टायपिंग’च्या नावाखाली आधी करार पाठवतात, आठवड्यात शेकडो पानं टाइप करायला लावतात, मग अचूकता कमी भरली म्हणून वकिलाच्या नावाची नोटीस पाठवून काही हजार मागतात. अशा नोटिशीला घाबरून पैसे भरू नका. सगळे संदेश जपून ठेवा आणि १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा.

मार्चनंतर आठवणारा कर

एखाद्या कंपनीकडून वर्षभरात ५०,००० च्या वर व्यावसायिक फी झाली की ती १० टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापून पैसे देते. ‘कमी आले’ म्हणून भांडण्याआधी आयकराच्या संकेतस्थळावर कापलेल्या कराचं विवरण (२६एएस) बघा, कापलेली रक्कम तिथे तुमच्या पॅनवर दिसली पाहिजे. दिसत नसेल तर कंपनीने ती भरलेली नाही किंवा पॅन चुकलाय, तेव्हा त्यांच्या हिशेबनिसाला मेल टाका. उत्पन्न करपात्र नसेल तरी ही रक्कम विवरणपत्र भरल्याशिवाय परत मिळत नाही. आणि नोकरदारांनी इथे हमखास केलेली चूक म्हणजे विवरणपत्राचा नेहमीचा फॉर्म आयटीआर-१ भरणं. लेखनाची मिळकत व्यवसायाची धरली जाते, त्यामुळे तो फॉर्म चालत नाही. आयटीआर-३ किंवा ४ पैकी कोणता लागेल हे सनदी लेखापालाला (सीएला) जूनमध्येच विचारा. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात तो फोन उचलणार नाही.