व्यवसाय सांभाळणाऱ्या आईने बर्नआउटमधून कसे सावरावे

लोणावळ्याला दोन दिवस राहून आल्यावरही सोमवारी सकाळी ऑर्डरचे मेसेज उघडताच तोच जडपणा जाणवत असेल, तर सुट्टी कमी पडली असे समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची नोंद आजार म्हणून केली नाही. कामाचा ताण दीर्घकाळ आटोक्यात न आल्याने उद्भवणारी स्थिती, असे त्याचे स्वरूप सांगितले आणि तीन खुणा दिल्या : शक्ती संपून जाणे, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काम नीट होत नाही असे वाटणे. स्वतःचा व्यवसाय करणाऱ्या स्त्रीला यांतली दुसरी खूण बहुधा आधी ओळखू येते, कारण हौसेने सुरू केलेल्या कामात जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला तरी कपाळावर आठी पडू लागते.

ही व्याख्या अर्थार्जनाच्या कामापुरती आहे. घरचे काम तिच्यात धरलेले नाही. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात बिनमोबदल्याचे घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात आणि ते करणारे पुरुष ९७ मिनिटे, असे आढळले. म्हणून सावरण्याचा आराखडा दुकान आणि घर अशा दोन्ही बाजूंचा असावा लागतो. त्यात विश्रांतीचा क्रमांक पहिला नाही, असे माझे मत आहे; कामाची मांडणी तीच राहिली तर विश्रांतीतून मिळालेले बळ पहिल्याच आठवड्यात खर्ची पडते.

आधी तपासणी

सतत थकवा येण्याची शारीरिक कारणेही असतात आणि ती बर्नआउटसारखीच भासतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला आहे, तेव्हा हिमोग्लोबिन न तपासता मनाला दोष देणे योग्य नाही. त्यासोबत फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइडसाठी टीएसएच आणि बी-१२ जीवनसत्त्व यांची तपासणी करावी की नाही, हे नेहमीच्या डॉक्टरांना विचारावे. चाळिशीच्या आसपास पाळी अनियमित होऊन झोप मोडत असेल, तर तेही सांगावे. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, कशातच रस वाटेनासा झाला, तर ते नैराश्य असू शकते आणि त्याला स्वतंत्र उपचार लागतात. मुंबईत परळचे केईएम, मुंबई सेंट्रलचे नायर आणि शीवचे लोकमान्य टिळक या पालिका रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील, तर त्याच दिवशी घरच्या माणसाला सांगावे आणि डॉक्टरांकडे जावे.

धंद्यातला भार उतरवणे

कायद्याने मिळणारी २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा नोकरदार स्त्रीसाठी आहे. मालकिणीला रजा देणारा कोणी नसतो, त्यामुळे ती आधी तयार करावी लागते. एक आठवडाभर आपण दिवसात काय काय करतो ते वहीत लिहावे, अगदी पार्सलवर पत्ता चिकटवण्यापर्यंत. मग प्रत्येक कामापुढे, ते आपल्याशिवाय खरोखर अडते का, एवढेच विचारावे. फराळाच्या व्यवसायात चकलीच्या भाजणीचे प्रमाण ठरवणे, मालाची किंमत लावणे आणि दोन-चार मोठ्या गिऱ्हाइकांशी बोलणे एवढेच बहुधा उरते. बाकीचे वजन करणे, पिशव्या सील करणे, टेम्पोवाल्याला फोन करणे आणि ‘चकली आहे का’ या प्रश्नाला दिवसातून अनेकदा उत्तर देणे मदतनिसाला जमू शकते. सोपवताना सुरुवात अशा कामापासून करावी, जे वारंवार येते आणि चुकले तरी फारसे नुकसान करत नाही. रीत एकदा नीट मराठीत कागदावर लिहून भिंतीला लावावी. तोंडी सांगितलेले पुन्हा आपल्याकडेच प्रश्न बनून येते. मदतनिसाचे काम आपल्याइतके नेटके होणार नाही, हे गृहीत धरूनच सोपवावे.

व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये कामाची वेळ ठरवून त्याबाहेर आपोआप उत्तर जाण्याची सोय आहे, ती आजच सुरू करावी. ‘उत्तर उद्या सकाळी दहानंतर मिळेल’ हे वाक्य पहिल्या दिवशी उद्धट वाटते. गिऱ्हाइके मात्र लवकर रुळतात.

पैशाची काळजी हा या थकव्यातला मोठा आणि कमी बोलला जाणारा भाग आहे. ज्या गिऱ्हाइकामागे फोन करून दमावे लागते आणि हिशेब केल्यावर सुटतात ते जेमतेम चार पैसे, त्याचे काम या काळात नम्रपणे नाकारावे. नव्या ऑर्डरला निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी. उत्पादन किंवा सेवा देणारा सूक्ष्म अथवा लघु उद्योग असेल, तर सरकारी पोर्टलवर विनाशुल्क होणारी उद्यम नोंदणी करून घ्यावी. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास (एमएसएमईडी) कायद्यानुसार लेखी करार असला तरी खरेदीदाराला ४५ दिवसांपेक्षा जास्त उधारी ठेवता येत नाही, करार नसेल तर मुदत १५ दिवसांचीच असते, आणि त्यानंतर रिझर्व्ह बँक जाहीर करते त्या ‘बँक दरा’च्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होते. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून अशी थकवलेली रक्कम खरेदीदाराला ती प्रत्यक्ष चुकती करेपर्यंत प्राप्तिकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही, त्यामुळे कंपन्यांच्या हिशेब विभागाला ही आठवण करून दिली की बिल पुढे सरकण्याची शक्यता वाढते. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्यांना मात्र हे संरक्षण मिळत नाही. जीएसटीत पाच कोटींपर्यंत उलाढाल असल्यास तिमाही विवरणपत्रांची योजना निवडता येते. कर दर महिन्याला भरावा लागला, तरी वर्षातली २४ विवरणपत्रे आठवर येतात. आपल्याला ती योग्य आहे का, हे सीएला विचारावे.

विश्रांतीची तारीखही धंद्याच्या पंचांगातच शोधावी. मुंबईत गणपतीपासून दिवाळीपर्यंत मिठाई, कपडे, दागिने, सजावट अशा व्यवसायांना उसंत नसते; पण मध्ये येणाऱ्या पितृपक्षात खरेदी मंदावते. तो पंधरवडा जाहिरातींवर खर्च करण्याऐवजी बंद ठेवावा आणि तारखा महिनाभर आधी गिऱ्हाइकांना कळवाव्यात. शिकवणीचे वर्ग चालवणाऱ्यांची उसंत मे महिन्यात असते. तिथे सुट्टीतली जादा बॅच घेण्याचा मोह टाळावा.

घरात खाते वाटणे

घरात ‘मदत’ मागितली की काम लक्षात ठेवण्याचा भार आपल्याकडेच राहतो. त्यापेक्षा पूर्ण खातेच द्यावे. शाळेचे खाते नवऱ्याकडे दिले, तर गणवेश, फी, पालकसभा, स्कूल व्हॅनच्या काकांचा फोन आणि वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप हे सगळे त्याच्याकडे गेले पाहिजे. ग्रुपवर आपण राहिलो, तर खाते आठवडाभरात परत येते, म्हणून तिथून बाहेर पडावे. सासूबाई मुलांना सांभाळत असतील तर त्यांचाही थकवा मोजावा आणि आठवड्यातले काही दिवस पाळणाघराची सोय पाहावी. पोळ्यांना मावशी ठेवणे ही चैन वाटत असेल, तर त्यांचा महिन्याचा पगार आणि त्या तासात आपण कमावतो ती रक्कम शेजारी शेजारी लिहून पाहावी. दहा वर्षांचे मूल स्वतःचा डबा घासू शकते.

लोकलच्या महिला डब्यात भाजी निवडत घरी जाणाऱ्या स्त्रीचे चित्र कौतुकाचा विषयच झाले आहे. मला त्यात कौतुकास्पद काही दिसत नाही. बसायला जागा मिळाली, तर त्या प्रवासात काहीच करू नये. फोन पर्समध्ये ठेवून खिडकीबाहेर पाहणे पुरे. स्टेशनवरून शेअर रिक्षाऐवजी चालत घरी जाणे जमत असेल, तर व्यायामासाठी वेगळा वेळ शोधावा लागत नाही.

मुले झोपल्यावर रात्री अकराला बिले काढत बसण्याची सवय सर्वांत आधी मोडावी. प्रौढ व्यक्तीला किमान सात तास झोप लागते. उठण्याची वेळ सकाळच्या पाण्याने आणि शाळेने ठरवलेलीच असते, म्हणून झोपण्याची वेळ मागे आणावी लागते. राहिलेली बिले सकाळी मुले शाळेत गेल्यावर पहिल्या तासात काढावीत.

परतताना

हुरूप परत येऊ लागला की सोपवलेली कामे एकेक करून परत ओढून घ्यावीशी वाटतात, आणि मदतनीस चुकली की ते कारण पुरेसे वाटते. अशा वेळी काम काढून न घेता कागदावरची रीत दुरुस्त करावी. नवी मोठी ऑर्डर घेण्यापूर्वी, ती पूर्ण करायला आपल्याखेरीज कोण हजर असेल ते नाव लिहावे. नाव सुचत नसेल तर ऑर्डर घेऊ नये. पहिला सणासुदीचा हंगाम मागच्या वर्षीपेक्षा कमी ऑर्डरवर आटोपावा आणि घट किती सोसेल ते आधीच सीएबरोबर बसून ठरवावे. वाढ करायची असल्यास ती पुढच्या हंगामात, तीही भाजणीच्या जादा घाण्यासाठी माणूस मिळाल्यावरच.