माय गेल्यावर आधी तिचा आवाज सांभाळा, फोटो नंतर

माझी माय जाऊन दोन वर्षं झाली. माझी माय म्हणजे माझ्या पोरांची मोठी माय. मागच्या महिन्यात एका मित्राची आई गेली, त्याने रात्री साडेअकराला फोन करून विचारलं की तू काय काय करून ठेवलं रे, मला काहीच सुचत नाहीये, तर त्याला जे सांगितलं तेच जरा नीट टाईप करून ठेवतोय. विधीचं यात काही नाही, ते गुरुजी आणि भाऊबंद सांगतातच, न विचारता सांगतात.

पहिलं काम फोनचं, आणि ते दहा दिवसांच्या आतच उरकायचं. चेहरा कुठे जात नाही, भिंतीवर असतो, पण आवाज जातो. मला चार महिन्यांतच एकदा अंघोळ करता करता मायचा आवाज आठवेना, शब्द आठवत होते पण आवाज नाही, असा घाबरलो की ओल्या अंगाने बाहेर येऊन व्हॉट्सॲप उघडलं. तर तिचे जेवढे व्हॉइस मेसेज तुमच्याकडे आहेत ते एकेक दाबून धरा आणि स्वतःच्या ईमेलवर किंवा ड्राइव्हवर पाठवा. खूप असतील तर चॅटमधल्या तीन टिंबांत जाऊन एक्स्पोर्ट चॅट करा, मीडियासकट. फाइलला नाव द्या, नाहीतर नुसते आकडे असतात आणि वर्षाने कळत नाही कोणती कशाची. डिसअपिअरिंग मेसेज चालू असेल तर बंद करा, पण तो चालू असताना आलेले मेसेज तरीही उडतातच, म्हणून ते सगळ्यात आधी बाहेर काढा. बहिणीला, मामाला, शेजारणीला, सगळ्यांना मागा, लोकांच्या फोनमध्ये असतंच काहीतरी, लग्नाच्या व्हिडिओत मागून ओरडतानाचा आवाज का असेना. आणि तिच्या नंबरचं रिचार्ज लगेच बंद करू नका, बँकेची, गॅसची कामं होईपर्यंत तरी चालू ठेवा. नंबर एकदा बंद पडला की तो कंपनी पुढे दुसऱ्या कोणाला पण देते, आणि व्हॉट्सॲपचं खातं साधारण १२० दिवस वापरलं नाही की ते उडवतात.

अजून एक, रेकॉर्डिंग कापून सुबक करत बसू नका. माझ्याकडे मायचा सतरा सेकंदांचा एक मेसेज आहे, पहिल्या पाच सेकंदांत ती म्हणते "भो, शेवगा तोडी ठेयेल शे, लई जाय", म्हणजे शेवगा तोडून ठेवलाय, घेऊन जा, झालं, निरोप संपला, आणि मग बाकीचे बारा सेकंद कोंबडीचा आवाज, बांगड्या, आणि ती स्वतःशीच, "आते हाई बंद कसं करानं?" भाऊ म्हणाला ते मागचं काढून टाक. मी म्हटलं शेवगा काढ एकवेळ, ते राहू दे.

दुसरं काम वहीचं. आपल्याकडे खान्देशात द्वारदर्शनाला, म्हणजे भेटायला, लोक येतात, गंधमुक्तीपर्यंत, म्हणजे उत्तरकार्यापर्यंत, ओट्यावर रोज कोणी ना कोणी बसलेलं असतं, आणि तेव्हा म्हाताऱ्या बाया ज्या गोष्टी सांगतात त्या पुन्हा कधीच सांगत नाहीत. माय लग्न होऊन आली तेव्हा तिला भाकरी थापता येत नव्हती, आणि सासूला कळू नये म्हणून ती पहाटे मागच्या गोठ्यात जाऊन शेणाच्या गोवऱ्या थापून हाताचा सराव करायची, हे मला मायने चाळीस वर्षांत सांगितलं नव्हतं. पलीकडच्या गल्लीतल्या एका आजीने सांगितलं, सहाव्या दिवशी. तेव्हा एक शंभर पानी वही आणि पेन ओट्यावर ठेवा, घरातल्या कॉलेजच्या पोरापोरीला ते काम द्या, त्यांना पण त्या दिवसांत काय करावं कळत नसतं. फोनवर रेकॉर्ड करायचं तर विचारून करा, बहुतेक जणी नाही म्हणत नाहीत. कोणी सांगितलं आणि ती मायची कोण, हे पण लिहा. त्या आजी आता नाहीत.

लिहून ठेवण्याचं महत्त्व आपल्या खान्देशात तरी कोणाला पटवायची गरज नसावी. बहिणाबाई चौधरी स्वतः लिहीत-वाचत नव्हत्या, शेतात, जात्यावर काम करता करता रचत जायच्या. त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि घरच्या मंडळींनी ते कागदावर उतरवून घेतलं, म्हणून १९५१ मध्ये त्या गेल्यानंतर ते अत्र्यांच्या नजरेला पडलं आणि १९५२ साली छापून आलं. कोणी लिहूनच घेतलं नसतं तर जळगावच्या विद्यापीठाला द्यायला ते नावच राहिलं नसतं. आपली माय काही बहिणाबाई नसेल, पण वही तेवढीच लागते.

फोटोचं थोडक्यात सांगतो. जुने फोटो पत्र्याच्या घरात, पोटमाळ्यावर ठेवू नका, आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, रंगीत फोटो उडतात आणि एकमेकांना चिकटतात. चिकटलेले ओढू नका. अल्बमच्या चिकट पानावरचा फोटो काढायचा असेल तर शिवणाचा दोरा घेऊन फोटोखालून हळूहळू करवतीसारखा फिरवा, सुटतो. मागे नावं लिहायची ती पेन्सिलने, बॉलपेनचा ठसा पुढे उमटतो. स्कॅनर मिळाला तर ६०० डीपीआयला करून घ्या, नाहीतर दिवसा खिडकीजवळ, पण थेट ऊन नको, फोटो सपाट ठेवून मोबाईलने वरून काढा.

आणि हाराचा फोटो. आम्ही घाईघाईत तालुक्याच्या एका स्टुडिओत आधार कार्डावरचा फोटो मोठा करायला दिला. त्यांनी मागे निळं आभाळ लावलं, मायला गोरं केलं आणि कहर म्हणजे अंगावर जांभळी पैठणी चढवली. माझी धाकटी पोरगी फोटोपुढे उभी राहून विचारते, ही कोण आहे? दुसऱ्या दिवशी तो उतरवला. आता जो आहे त्यात माय वांगी भाजतेय, भरीत चाललंय, डोळे धुरामुळे बारीक झालेत आणि ती फोटो काढणाऱ्यावर खेकसतेय. पाहुण्यांना तो विचित्र वाटतो, वाटू दे.

कपडे. गंधमुक्तीच्या दिवशी साड्या वाटून टाकायची घाई असते, त्याच्या आधीच एक पिशवी बाजूला काढा. त्यातली एक साडी धुवायची नाही, ती तशीच स्टीलच्या डब्यात घालून झाकण लावा, आणि डांबरगोळ्या अजिबात टाकू नका, नाहीतर वर्षाने डबा उघडला की नुसता डांबरगोळ्यांचाच वास येतो, मायचा नाही. सहा महिन्यांतून एकदा घडी मोडून दुसरीकडून घाला, एकाच घडीवर कापड फाटतं. बाकीच्या साड्यांची गोधडी शिवून घ्या. गावात अजून शिवणाऱ्या बाया आहेत, विचारलं की सापडतात. सुती लुगडी असतील तर सोनं, आतल्या थरांना तीच घाला. शेवटची दहा वर्षं आमची माय सिंथेटिकच नेसायची, ते कापड सुईखालून सरकतं आणि गोधडी पोटात गोळा होते, म्हणून ते फक्त वर, काठाला वगैरे. जरीचं नको, टोचतं. आमच्या नऊ साड्यांच्या दोन गोधड्या झाल्या, एक माझ्याकडे, एक बहिणीकडे, आणि त्यावरून वहिनी थोडी रुसली, तर तिसरीचा पण हिशोब आधीच धरा.

आता खरं अवघड काम, तिच्या हाताचं माप. कोणतीच माय ग्रॅमात सांगत नाही, "टाक अंदाजे" हेच माप. माय थंडीत गेली आणि पुढच्या उन्हाळ्यात मी आणि बहिणीने ठरवलं की यंदा बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, आपणच करायचे. ज्वारी तीन दिवस भिजवली, लसूण-मिरची-जिरं वाटलं, तीळ टाकले, घाटा शिजवला, गच्चीवर ओलं फडकं पसरून थापले, सगळं यूट्यूबवर बघून. संध्याकाळी काढायला गेलो तर एकही सुटेना, ओढला की तुकडे, आणि खारट इतके की कोंबड्यांनी पण तोंड लावलं नाही. मग काकूला बोलावलं, म्हणजे मायची जाऊ, दोघींनी तीस वर्षं एका चुलीवर केलेलं. ती हसली आधी. म्हणाली फडकं उलटं कर, मागून पाण्याचा शिपका मार, मग काढ. निघाले ना भराभर.

दुसऱ्या दिवशी काकूकडूनच परत करवून घेतले आणि यात एक युक्ती सापडली ती सांगतो. तिला मोजायला लावू नका, हात बिचकतो. डबा मोजा. मिठाचा डबा मी काट्यावर ठेवला, ८१२ ग्रॅम, तिला म्हटलं घे तुझ्या हाताने, तिने तीन चिमटे आणि वर अजून एक अर्धा घेतला, डबा परत ठेवला, ७७४. म्हणजे ३८ ग्रॅम. तिखट, तीळ, पाणी, सगळं असंच. ज्वारीचं वजन तेवढं आधी लिहून ठेवायचं. कळण्याच्या पिठाचं पण असंच केलं, आमच्याकडे चार वाट्या ज्वारीला एक वाटी आख्खे उडीद निघाले, तुमच्याकडे वेगळं असेल, आणि तेच तर महत्त्वाचं आहे, तुमच्या घरचं काय ते शोधा. जी बाई तिच्या शेजारी उभं राहून रांधत होती तिला पकडा, आणि याच वर्षी पकडा.

पहिली आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, जड जाते, हे आधीच सांगून ठेवतो. एरवी घागर भरायची ती आजोबा-पणजोबांची, ज्यांना आपण बघितलेलं पण नसतं, आणि यंदा त्या घागरीवर डांगर (खरबूज), आंबा, सांजोरी ठेवताना नाव मायचं घ्यायचं असतं. मला आगारी (अग्नीत घास) टाकताना तोंडातून शब्द फुटेना. त्या दिवशी कोणीतरी बाहेरचं, मामा म्हणा, मावशी म्हणा, घरात राहील असं बघा. आणि तिथी कॅलेंडरवर आत्ताच मार्क करा, तारखेवर जाल तर चुकेल, दर वर्षी ती पुढेमागे होते.

पोरांना "मोठी माय झोपली" असं सांगू नका, आमच्या धाकटीने मग आठवडाभर झोपायलाच नकार दिला. गेली, मेली, परत येणार नाही, असं साधं सांगितलेलं त्यांना झेपतं. आणि फक्त चांगलंच सांगू नका. माय रागीट होती, बाहेर जेवून आलो आणि आधी सांगितलं नाही तर तीन दिवस बोलायची नाही, भाकरी मात्र गरम वाढायची, ताट आपटून. पोरांना तीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडते, ताट आपटायची ॲक्टिंग करून दाखवावी लागते.

आमच्या घरी अहिराणी मायच बोलायची, आम्ही पुण्यात राहून सोडली. म्हणून मोठ्या मुलाने तिचे शब्द लिहायला एक वही केलीये, आठे, तठे, गंज, काय करी राह्यना, असं. अडलं की काकूला फोन लावतो. परवा त्याने विचारलं की वरण कमी पडलं की मोठी माय काय म्हणायची ते कसं लिहू, तर काकू फोनवर म्हणे ती काही म्हणायची नाही रे, गुपचूप पाणी टाकायची.

तेही लिहिलंय त्याने.