बुखोल्झचा अलार्म आला की आधी काय करायचं

रात्रपाळीत यार्डातल्या ट्रान्सफॉर्मरचा बुखोल्झ अलार्म (आत गॅस साठला की इशारा देणाऱ्या बुखोल्झ रिलेचा) येतो, प्रॉडक्शनवाले फोनवर फोन करतात, आणि शिफ्टवाला रिसेट दाबून बघतो. ट्रिप होऊन सप्लाय तुटला असेल तर "एकदा चार्ज करून बघू", म्हणजे परत सप्लाय देऊन बघू, म्हणतो. हे खूप ठिकाणी चालतं आणि यातच माणसं भाजतात, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

रिलेत साठणाऱ्या या गॅसमध्ये पेटणारा हायड्रोजन असतो, आधी तो येतो कुठून ते बघू. ट्रान्सफॉर्मरचं तेल म्हणजे हायड्रोकार्बन, आत कुठेतरी पार्शल डिस्चार्ज (इन्सुलेशनमध्ये बारीक ठिणग्या) सुरू झाला की ते तुटतं आणि मुख्यतः हायड्रोजन सुटतो, सरळ आर्किंग असेल तर हायड्रोजनबरोबर ॲसिटिलीन, नुसतं तेल तापत असेल तर इथिलीन जास्त, कागद जळत असेल तर कार्बन मोनॉक्साइड. गॅस हळूहळू होत असेल तोवर तेलात विरघळत राहतो, जास्त झाला की बुडबुडे वर चढतात आणि टाकी ते कन्झर्व्हेटरच्या (वरच्या तेलाच्या छोट्या टाकीच्या) पाइपात बसवलेल्या रिलेत साठतात, वरचा फ्लोट खाली येतो, अलार्म. मोठा फॉल्ट झाला तर तेलाचा लोटच येतो आणि खालचा फ्लोट ट्रिप देतो.

टाकीच्या आत पेटायला पुरेसा ऑक्सिजन नसतो म्हणून गॅस तिथे गप्प असतो. टाकी फाटली, कव्हर उघडलं किंवा पेटकॉकमधून (रिलेवरच्या गॅस काढायच्या छोट्या नळातून) गॅस बाहेर आला की मग खेळ बदलतो. हवेत ४ ते ७५ टक्क्यांपर्यंत कुठल्याही प्रमाणात हायड्रोजन पेटतो, ठिणगी ०.०२ मिलिज्यूलची पुरते, म्हणजे अंगावरच्या कपड्याची स्टॅटिक सुद्धा खूप झाली. वास नाही, रंग नाही, दिवसा ज्योतही नीट दिसत नाही. ट्रान्सफॉर्मर खोलीत असेल तर गॅस छताला जाऊन बसतो, त्यामुळे तिथले वरचे झरोके पत्रा ठोकून बंद केलेले असतील तर आजच उघडा.

अलार्म आला तर माझं मत स्पष्ट आहे, लोड काढा आणि ट्रान्सफॉर्मर बंद करा. चालू असताना शिडी लावून रिलेच्या काचेत डोकावायला कुणी जायचं नाही, आत आर्क झाला तर पीआरव्ही (जादा दाब सोडणारा व्हॉल्व्ह) उघडेपर्यंत टाकी फुटू शकते. एचटी आणि एलटी (जास्त आणि कमी व्होल्टेजच्या बाजूचे) दोन्ही ब्रेकर रॅक आउट करा म्हणजे बाहेर ओढून वेगळे करा, डीजी (डिझेल जनरेटर) किंवा बस कप्लरकडून (दोन बस जोडणाऱ्या ब्रेकरकडून) बॅकफीड म्हणजे उलटा सप्लाय येत नाही ना ते बघा, मग डिस्चार्ज, अर्थिंग, परमिट, आणि त्यानंतरच वर चढायचं. मोबाइल खाली ठेवा, आसपासचं वेल्डिंग-ग्राइंडिंग थांबवा.

वर गेल्यावर काचेत तेल कमी दिसतं, तेव्हा आधी एमओजी (कन्झर्व्हेटरवरचा तेलाची लेव्हल दाखवणारा गेज) बघा, कारण गळतीने लेव्हल उतरली तरी हाच अलार्म येतो. लेव्हल ठीक आहे म्हणजे वर गॅस आहे. जुने लोक पेटकॉकपाशी काडी धरून बघायचे, पेटला तर फॉल्ट, नाही पेटला तर हवा. हे कृपा करून कुणीही करू नका! ट्यूब लावून काचेच्या सिरिंजमध्ये गॅस घ्या आणि लॅबला द्या.

खालच्या व्हॉल्व्हमधून तेलाचं सँपल पण घ्या. त्याआधी पारदर्शक नळीत थोडं तेल भरून ती व्हॉल्व्हला जोडायची आणि व्हॉल्व्ह किंचित उघडायचा, नळीतलं तेल आत ओढलं गेलं तर टाकीत व्हॅक्यूम आहे, लगेच बंद करा, नाहीतर हवेचा बुडबुडा आत जाऊन वाइंडिंगपाशी अडकेल.

मेगर (इन्सुलेशनची टेस्ट) आणि वाइंडिंग रेझिस्टन्सच्या टेस्टची घाई नको. कव्हरखाली गॅस असताना डीसी टेस्टची लीड काढली की वाइंडिंगमधली ऊर्जा ठिणगी होऊन बाहेर येते, म्हणून आधी गॅस नीट काढून घ्यायचा.

लॅबच्या तेलाच्या रिपोर्टमध्ये विरघळलेला हायड्रोजन १०० पीपीएमच्या आत असेल तर साधारण ठीक समजतात, पण एका आकड्यापेक्षा मागच्या रिपोर्टच्या तुलनेत किती वाढला ते बघा. ॲसिटिलीन दिसलं तर थांबाच, फक्त ओएलटीसीचं (चालू लोडवर टॅप बदलणाऱ्या स्विचचं) तेल मेन टाकीत झिरपत नाहीये ना एवढं तपासा. नुकतंच तेलाचं फिल्ट्रेशन झालं असेल आणि रिलेतली नुसती हवा निघाली तर ती काढून, टेस्ट घेऊन चार्ज करता येतो.

आणि हे सगळं रिले जिवंत असेल तरच. सीईएच्या (केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या) नियमांप्रमाणे १००० केव्हीए आणि वरच्या ट्रान्सफॉर्मरला गॅसचं प्रोटेक्शन लागतंच, पण फिल्ट्रेशननंतर रिलेच्या बाजूचा व्हॉल्व्ह बंदच राहिलेला मी स्वतः बघितलाय, आणि बॅटरी उतरलेली असेल तर ट्रिप कॉइलला डीसीच मिळत नाही. पुढच्या शटडाऊनमध्ये रिलेचं टेस्ट बटण दाबा आणि ब्रेकर खरंच उघडतो का ते समोर उभं राहून बघा.